माळवदावरचा दात

१

सोमेशला कुणी चेहऱ्यावरून ओळखलं नाही, दातांवरूनच ओळखलं. किल्लारीच्या शाळेत असताना तो उसाचं कांडं असं सोलायचा की तोडणीवाल्यांनी कोयते टाकून घरी जावं. सोयरीक जमवायला गेले तेव्हा सासऱ्यानं पगार विचारायच्या आधी सुपारी पुढं केली. सोमेशनं ती अडकित्त्याशिवाय फोडून हातावर ठेवली आणि लग्न पक्कं होऊन बैठक तिथंच उठली, असं त्याची अक्का अजून सांगते. त्यात थोडं अक्काच्या पदरचं असेल. पण दात होते खरे. पांढरे, जाड, कणसातल्या दाण्यांसारखे एकाला एक खेटून बसलेले.

म्हणून कॅलगरीच्या घरात, ऑगस्टातल्या एका रविवारी, ब्रेडचा तुकडा तोडताना पुढचा दात ब्रेडमध्येच राहिला तेव्हा सोमेश आधी ब्रेडवर चिडला.

दुखलं नाही. रक्ताचा थेंब नाही. दात हातात घेऊन बघितला तर त्याला मूळच नव्हतं. खालून झिजून वाटीसारखा झालेला. लेकराचा दुधाचा दात पडतो ना, तसा.

त्याच्या थोडं आधी छतावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला होता. टक्. एकदाच. बायको म्हणाली, गार पडली. तिकडं उन्हाळ्यात गारा पडतात, त्यामुळं दोघांनाही काही वाटलं नाही. नंतर सोमेश कचरा टाकायला बाहेर गेला, तर आभाळ कोरं करकरीत निळं होतं.

तिथल्या दातांच्या डॉक्टरनं तपासलं, एक्स-रे काढला, आणि कीड नाही, हिरडी चांगली, असं सांगून खर्चाचा जो आकडा दिला तो ऐकून सोमेश त्या खुर्चीतच जरा वेळ पडून राहिला. एक्स-रे फोनवर पाठवतो म्हणाले. आठवड्यानं आला. सोमेशनं स्वयंपाकघरात उभ्यानंच उघडला.

तो कुठल्यातरी लेकराचा होता. एवढासा जबडा नव्हता, जबडा मोठ्या माणसाचाच. पण दातांच्या दोन रांगा. वर एक, आणि तिच्या खाली हाडात रुतलेली दुसरी. बारक्या बारक्या दातांची. समोरच्या एका बारक्या दाताच्या कडेला अर्ध्या चंद्रासारखा टवका उडालेला दिसत होता.

त्यानं फोन केला. "चुकून दुसऱ्या कुणाचं पाठवलंय." पलीकडच्या बाईनं नाव वाचून दाखवलं, जन्मतारीख वाचून दाखवली. सगळं त्याचंच. उर्वी, त्याची सात वर्षांची मुलगी, त्या दवाखान्यात कधी गेलेलीच नव्हती.

दिवाळीपर्यंत आणखी दात गेले. दर वेळी आधी टक्, मग दात. सोमेशनं हे दोन एकमेकांना जोडलं नाही. शहाणा माणूस असल्या गोष्टी जोडत नाही.

"इकडं या, पाव्हणं," अक्काचे यजमान मन्मथ दाजी फोनवर म्हणाले. "तुमच्या तिकडच्या एका दाताच्या पैशात इथं अख्ख्या गल्लीला कवळ्या बसतील. वर लेकराला आजी बघायला मिळंल."

बायकोला सुटी नव्हती. डिसेंबरात सोमेश उर्वीला घेऊन निघाला.

२

नांदेडात तरोड्याला अक्काचं घर. उज्वला अक्का शाळेत शिकवते, दाजी रेल्वेच्या ऑफिसात. दातांची डॉक्टर पुनम ही अक्काचीच जुनी विद्यार्थिनी निघाली, त्यामुळं नंबर लावायची भानगड नव्हती. दाजी सोबत आले, कारण दाजींना दुसऱ्याच्या तोंडात काय चाललंय ते बघायला आवडतं.

"आ करा," पुनम म्हणाली.

सोमेशनं आ केला.

"दुखतं?"

मानेनंच न्हाई.

"शुगर? तंबाखू? कधी मार लागला?"

न्हाई, न्हाई, न्हाई.

"मग पडून कशाला राहिलेत हे?"

"तिकडची हवा मानवली नसंल," दाजी कोपऱ्यातून म्हणाले. "एकेक करून गावाला परत येऊन राहिलेत."

पुनम हसली, तिची मदतनीस हसली, सोमेशही उरलेल्या दातांनी हसला. मग तिनं तिकडचे कागद मागितले. सोमेशनं फोन पुढं केला. "हा बघा, लेकराचा पाठवलाय. जन्मतारीख मात्र माझी टाकलीये."

"असं होतंय कधीकधी," ती म्हणाली. "आपण आपला काढू."

पलीकडच्या खोलीत मोठं मशीन होतं. हनुवटी ठेवायची, एक प्लॅस्टिकची कांडी दातात धरायची, डोळे मिटून उभं राहायचं. मशीनचा हात घूं करत डोक्याभोवती फिरायला लागला. तो मागच्या बाजूला गेला असेल, तेवढ्यात वर छतावर आवाज झाला.

टक्.

"वर कोण राहतं?" बाहेर आल्यावर सोमेशनं विचारलं.

"वर कुणी न्हाई. टाकी आहे फक्त," मदतनीस म्हणाली.

फोटो पडद्यावर आला आणि पुनमनं एकदा पडद्याकडं, एकदा दाराकडं बघितलं, जणू दारातून एखादं लेकरू मध्ये येऊन गेलं असावं. मग तिनं सोमेशचा फोन घेतला, पडद्याशेजारी धरला. दोन्ही सारखे. टवक्यासकट.

"लहान लेकराच्या जबड्यात असं असतं," ती सावकाश म्हणाली. "वर दुधाचे, खाली पक्के वाट बघत बसलेले. खालचा वर सरकतो, वरच्याचं मूळ खाऊन टाकतो. मग वरचा पडतो." तिनं पेन पडद्यावर फिरवलं. "तुमचं उलटं आहे. वर पक्के आहेत. खाली दुधाचे."

"म्हंजे पाव्हण्यांना तिसऱ्यांदा दात यायलेत?" दाजींना अजून गंमतच वाटत होती. "मग तर वाजंत्री लावावी लागंल की."

"तिसऱ्यांदा कुणाला येत नसतात, काका." पेन त्या टवक्यावर थांबलं होतं. "आणि हे नवे पण न्हाईत. टोकं झिजलेली आहेत. कुणीतरी ह्यांनी खाल्लंय. हिरडीच्या आत बसलेला दात झिजंल कसा?"

तिनं लातूरच्या जबड्याच्या सर्जनचा पत्ता दिला. खालचे काढल्याशिवाय वर नवे स्क्रूचे दात बसवता येणार नाहीत, एवढं तिचं म्हणणं. निरोप घेताना सोमेश तिच्याकडं बघून हसला. रोज दिवसभर लोकांच्या तोंडात बघणारी बाई ती. पण तिनं नजर काढून घेतली.

३

घरी दुपारी अक्का आणि उर्वी ओट्यापाशी बसल्या होत्या. उर्वीचाही पुढचा दात हलत होता. पहिलाच. ती तो जिभेनं हलवून हलवून सगळ्यांना दाखवत होती.

"आमच्याकडं उशीखाली ठेवतात," उर्वी म्हणाली. "सकाळी पैसे मिळतात."

"पैसे घेऊन काय करती?" अक्का म्हणाली. "आपल्यात शेणात गुंडाळून घरावर फेकतात. म्हणायचं, माझा जुना घे, मला नवा दे. मग चांगला दात येतो. तुझ्या पप्पाचा बग किती चांगला आलता."

"कुणाला म्हणायचं?"

"कुणाला म्हंजे? असंच म्हणायचं."

"पण कुणीतरी घेत असेल ना, आत्या?"

अक्का हसली. "घेतंय की. देतंय म्हंजे घेत असंलच."

टक्.

सोमेशची जीभ आपोआप फिरली. वरच्या बाजूचा, सकाळपर्यंत खिळ्यासारखा घट्ट असलेला दात तिरपा झाला होता.

तो जिना चढून गच्चीवर गेला. ऊन होतं, दोरीवर कपडे होते, शेजारी कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. टाकीच्या सावलीत शेणाचे गोळे पडलेले. लिंबाएवढे, वाळून कडक झालेले. तरोड्यात गच्चीवर गाय येत नाही. सोमेशला हे पटायला जरा वेळ लागला, कारण डोकं आधी गायीच्याच बाजूनं विचार करत होतं.

एक गोळा त्यानं फोडला. आत काही नव्हतं. म्हणजे दात नव्हता. पण दाताची जागा होती. शेण वाळताना आतला दात जसाच्या तसा उमटला होता. त्या खळग्यात त्यानं करंगळीचं नख घातलं. बारका, लहान लेकराचा दात बसेल एवढीच जागा.

शेण अजून आतून ओलसर होतं.

खाली येऊन त्यानं दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, "पलीकडच्या गल्लीतली कार्टी. दिवसभर काय ना काय फेकून राहतात." हे खरं असू शकत होतं. सोमेशनं ते खरं धरलं, आणि धरताना तो दात जिभेखाली निसटून आला.

संध्याकाळी त्यानं उर्वीला जवळ घेतलं. "तुझा दात पडला की मला द्यायचा. फेकायचा नाही. आपण तो घरी घेऊन जाऊ, कॅलगरीला."

"आत्या म्हणाली—"

"उर्वी. फेकायचा नाही."

तिनं मान हलवली. ती आज्ञाधारक होती. म्हणजे मोठ्यांसमोर होती.

४

लातूरला गाडी करून निघाले. तिथून पुढं किल्लारीला आईकडं जायचं म्हणून उर्वी सोबत होती. माळाकोळी मागं पडली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तूर वाळत उभी, वर झाड नाही, पूल नाही, काही नाही. ड्रायव्हर आपल्या मेव्हण्याच्या बोअरची गोष्ट सांगत होता.

गाडीच्या टपावर टक् झालं.

"माकडं," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानंच आरशातून मागं बघितलं. माकड असायचं तर त्याला बसायला झाड तरी लागतं. मग त्यानं मेव्हण्याची गोष्ट पुढं नेली नाही. सोमेशनं तोंडातला दात रुमालात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. आतापर्यंत नांदेडची गच्ची असेल, गल्लीतली पोरं असतील, असं तो स्वतःला सांगत आला होता. आता त्याला कळलं, घराचा प्रश्न नाही. तो ज्या छपराखाली असेल ते छप्पर.

लातूरचे डॉक्टर श्रीनाथ हातानं हलके आणि बोलायला मोकळे. "आ करा. छान. मोठा आ करा." सुई टोचली, ओठ मेला. पहिला काढायचा तो समोरचा, टवका उडालेला. ते काम करता करता औश्याकडच्या पेरूंबद्दल बोलत होते. मध्येच बोलायचे थांबले.

"सिस्टर, पाणी मारा इथं."

पाणी मारलं.

"परत मारा."

सोमेशला दिसत नव्हतं, पण तोंडातून नळीत जाणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला होता. खरखरत होता.

"तुम्ही कुठं पडला होतात का?" डॉक्टरांनी विचारलं. "तोंडावर? शेतात वगैरे?"

सोमेशनं मान हलवली.

"हिरडीतून माती निघतीये," ते म्हणाले. स्वतःशी बोलल्यासारखं. "आतून."

मग स्टीलच्या ताटलीत तो दात वाजला. सोमेशनं मान वळवली. पिवळा पडलेला, बारका, मुळाच्या खाचेत काळी माती. कडेला अर्धा चंद्र.

हा दात त्यानं पाहिला होता.

भोवऱ्याची आर लागून उडाला होता तो टवका. शाळेच्या मागच्या मैदानात, सोमेशच्या डोळ्यांसमोर. ज्याचा दात होता तो रडला नव्हता. उलट दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला होता. सिद्राम. किल्लारीत त्यांच्या भिंतीला भिंत लागून नागम्माचं घर, तिचा मुलगा. सोमेशच्याच वर्गात. भूकंपात नागम्माचं अख्खं घर गेलं, त्यात सिद्रामही गेला. सात वर्षांचा होता.

"बाकीचे पुढच्या वेळी बघू," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. त्यांनी तो दात डबीत घालून दिला, आणि दारापर्यंत पोचवायला आले नाहीत.

५

सोमेशची आई, धुरपताबाई, नव्या गावात राहतात. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेली ती एकसारखी, स्लॅबची घरं. दारात बसून त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. नातीला कुशीत घेतलं, मुके घेतले, शेंगांचं टोपलं तिच्या हवाली केलं. मग लेकाकडं बघितलं.

"आरं सोमा," त्या म्हणाल्या, "तोंडाचं बोळकं झालं की रं तुज्या."

सोमेशनं छतावरच्या आवाजांचं थोडक्यात सांगितलं आणि डबी त्यांच्यापुढं उघडली.

म्हातारीनं चष्मा लावला नाही. लावायची गरजच पडली नाही. "ह्यो सिद्रामचा न्हवं?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं, आपण काय म्हणालो ते.

त्यांनी डबी झाकली आणि उर्वीच्या नजरेआड सरकवली.

"तुजा पयला दात पडला तवा आपलं घर पत्र्याचं," धुरपताबाई खालच्या आवाजात बोलायला लागल्या. "पत्र्यावर टाकला की घरंगळून खाली. चार बाऱ्या टाकलास, चार बाऱ्या खाली. रडून घर डोक्यावर घेतलं तू. दात यायचा न्हाई म्हनून. मग म्याच म्हनलं, टाक त्या नागम्माच्या माळवदावर. मातीचं हाय, ऱ्हाईल."

"कधी?"

"गणपती बुडवले त्या दिवशी."

सोमेशला ते आठवत नव्हतं. आणि आता आठवायला लागलं. दगडी भिंत, तिच्यावर लाकडं, लाकडांवर हातभर जाडीचा मातीचा थर, त्यावर उगवलेलं गवत. हात मागं नेऊन फेकलेला शेणाचा गोळा. वर मऊ पडल्याचा आवाज. आणि भिंतीपलीकडून सिद्रामची हाक, काय फेकलंस रं?

"सांजच्याला तू टाकलास," आई म्हणाली. "पहाटं माळवद खाली आलं. पत्र्याखालचे आपन तेवढे उठून बसलो."

"आई, लोकं मेली त्यात. हजारो मेली. एका दातानं काय होतंय?"

"दातानं मेली म्हनून म्या कुटं म्हनलं?" त्या चिडल्या. घाबरलं माणूस चिडतंच. "तू मागितलास, नवा दे म्हनून. त्याच घरापुढं उभारून मागितलास. त्या घरात नवे दात कुनाचे यायचे व्हते, सांग बरं? त्याचेच. ते तुला आले. गावात कुनाला न्हाईत असे आले."

उर्वीनं मान वर केली. "कोणाचे दात, आजी?"

"कुनाचे न्हाई, बाळा. शेंगा सोल." मग लेकाकडं न बघता त्या म्हणाल्या, "आता तो त्याचे जुने टाकून नवे परत मागून ऱ्हायला. पोरीला जप. तिचा दात हितं पडू देऊ नगंस."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमेश एकटाच जुन्या गावाकडं गेला. उर्वीला आईपाशी सोडलं. जाताना तो स्वतःला सांगत होता की हे आपण आईच्या समाधानासाठी करतोय. परदेशात राहणाऱ्या, शिकलेल्या माणसाला आईच्या समाधानासाठी बरंच काही करता येतं.

तिथं आता बाभळी आणि दगड. गल्ल्या ओळखू येत नाहीत, पण पायाला येतात. तो न चुकता पोचला. नागम्माच्या घराचा उंबरा तेवढा जागेवर होता, आणि त्यामागं कमरेएवढा मातीचा ढीग. ढिगावर गवत वाळलेलं.

त्यानं डबीतला दात काढला. रुमालातले स्वतःचे पडलेले, तेही काढले. शेण नव्हतं. तसेच मुठीत धरले.

"हे तुझे तुला," तो म्हणाला. पुढचे दात नसलेल्या तोंडातून ते असं निघालं, की त्याला त्याचाच आवाज ओळखू आला नाही. एखादं बोबडं पोर बोलतंय असं. "तुझा जुना मला नको."

आधी मोठे फेकले. ते गवतात सळसळत गेले. मग टवक्याचा. तो ढिगातल्या दगडावर वाजला, टक्. बरं वाटलं ऐकून. आवाज जिथून यायला हवा तिथूनच आला होता.

मग पुन्हा एकदा आला. जरा लांबून, बाभळींच्या पलीकडून, नव्या गावाच्या अंगानं.

दात उसळला असेल, सोमेशला वाटलं. तो परत येताना भरभर चालला.

७

घरी सगळं ठीक होतं. उर्वी शेजारच्या म्हशीशी गप्पा मारत होती. दिवसभर छतावर काही वाजलं नाही. तोंडातले उरलेले दात त्यानं बोटानं एकेक दाबून बघितले, घट्ट. रात्री तो गाढ झोपला, आणि सकाळी उठल्यावर आईला म्हणाला, नांदेडला पुनम मॅडमला फोन करतो, स्क्रूचे दात बसवायचं बघू. आई काहीतरी पुटपुटली. "मागून घेतल्यालं परत करताना नगं म्हनू नये," असं काहीसं. त्यानं ऐकलं नाही.

दुपारी धुरपताबाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या. सोमेश आतल्या खोलीत बाजेवर पडला. दारातून अंगणातलं हिवाळ्याचं ऊन दिसत होतं. कारखान्याला जाणारा उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला. त्यानंतर इतकं शांत झालं की त्यानंच त्याला जाग आली.

अंगणात उर्वी घराकडं तोंड करून उभी होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत शेणानं भरलेला.

"माझा जुना घे," ती म्हणाली, आत्यानं शिकवलं तसं, एकेक शब्द नीट, "मला नवा दे." आणि हात मागं नेऊन फेकलं.

सोमेश उठून बसला. त्याच्या डोक्यावर स्लॅब होता. वरून आवाज यायला हवा होता. शेणाचा गोळा सिमेंटवर पडला की आवाज होतोच. तो वाट बघत राहिला. कान, मान, पाठ, सगळ्यानं वाट बघत राहिला.

आवाज आला नाही. कुणीतरी झेलला होता.

उर्वीनं कपाळावर हात धरून वर बघितलं. उन्हानं डोळे बारीक झाले, मग ती हसली. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तशी.

"पप्पा, तू वर कधी गेलास?"

"आत्ताच," छतावरून उत्तर आलं.

सोमेशचा आवाज होता. ऑगस्टाच्या आधीचा. प्रत्येक अक्षर दाताला लागून खणखणीत येणारा. "आ कर, बेटा. मोठा आ कर."

"उर्वी!" सोमेश ओरडला. पण ओठांना धरायला पुढचे दात नव्हते. तोंडातून नुसता वारा गेला आणि त्यामागून एक चिरका, बोबडा आवाज, सात वर्षांच्या पोराचा. उर्वीनं मान जराशी वळवली. शेजारचं कुणी पोर असेल, असं तिला वाटलं असावं. तिनं परत वर बघितलं आणि आ केला.

तो अंगणात आला तेव्हा सूर्य बरोबर छताच्या कडेवर होता. त्याच्यापुढं कुणीतरी वाकलेलं. अंधारासारखं, नाक-डोळे काही नसलेलं. त्या काळ्यात दात तेवढे दिसले. पांढरे, जाड, एकाला एक खेटून बसलेले.

मग ऊनच डोळ्यांत घुसलं.

सोमेशनं पोरीला उचललं, छातीशी घट्ट धरलं, तिच्या तोंडावर पंजा दाबून धरला. वर बघितलं. पाण्याची टाकी. डिशची छत्री. निळं, कोरं आभाळ. कुणी नाही. कुणी नाही, तो स्वतःला सांगायला लागला, ऊन होतं, झोपेतून उठलो होतो, कुणी नाही.

त्याच्या तळहाताला आतून काहीतरी टोचत होतं.

उर्वीनं दोन्ही हातांनी त्याचा पंजा बाजूला केला. तिला हसू आवरत नव्हतं. दात पडून पुढची खिडकी आत्ताच मोकळी झाली होती, आणि तिथं दात होता. पिवळा. बुडाशी काळी माती. कडेला अर्धा चंद्र.

"बघ ना, पप्पा," ती म्हणाली. "लगेच दिला!"